बोटाचा ऑक्सिमीटर: घेताना काय पाहायचं, लावताना काय चुकतं

कोविडनंतर बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आपल्याकडे थर्मामीटरच्या डब्यात जाऊन बसला. सप्टेंबर २०२०मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई दारोदार फिरून तापमानासोबत ऑक्सिजनही मोजत होत्या, आणि ‘९५च्या खाली तर नाही ना?’ हा प्रश्न घरोघरी पोहोचला. यंत्र कामाचं आहे. घरात सीओपीडी (फुप्फुसातल्या श्वासनळ्या अरुंद करणारा जुनाट आजार), जुनाट दमा किंवा फुप्फुसाच्या फायब्रोसिसचा रुग्ण असेल तर ते असायलाच हवं. पण खोक्यावर छापलेल्या ‘±२ टक्के’चा अर्थ दुकानात नीट सांगितला जात नाही, आणि सावळ्या-काळ्या त्वचेच्या माणसांसाठी त्यात आणखी एक मेख आहे. हे परीक्षण कोणा एका कंपनीच्या यंत्राचं नाही. औषधाच्या दुकानात आणि ऑनलाइन मिळणाऱ्या साध्या घरगुती क्लिपचं आहे.

आत फार थोडे भाग असतात. एका बाजूला दोन एलईडी: एक लाल, सुमारे ६६० नॅनोमीटरचा, दुसरा अवरक्त (इन्फ्रारेड), सुमारे ९४० नॅनोमीटरचा. समोरच्या बाजूला प्रकाश टिपणारा एक फोटोडायोड. दोन्ही दिवे आलटून पालटून, सेकंदाला शेकडो वेळा लुकलुकतात. ऑक्सिजन असलेलं हिमोग्लोबिन अवरक्त प्रकाश जास्त शोषतं, ऑक्सिजन नसलेलं लाल प्रकाश जास्त शोषतं. बोटातलं हाड, मांस, त्वचा यांचं शोषण स्थिर असतं. ठोक्यागणिक बदलतं ते फक्त धमनीतलं रक्त. त्या बदलत्या भागाचं स्थिर भागाशी असलेलं प्रमाण दोन्ही रंगांसाठी काढायचं आणि एकाला दुसऱ्याने भागायचं. जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांना १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सुचलेली युक्ती ती हीच, आणि आजचं स्वस्तातलं यंत्रही त्यावरच चालतं.

या भागाकारातून थेट टक्केवारी, म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनचा किती हिस्सा ऑक्सिजनने भरलेला आहे ते, निघत नाही. निरोगी स्वयंसेवकांना मुद्दाम कमी ऑक्सिजनची हवा देतात, धमनीतलं रक्त प्रयोगशाळेत तपासतात आणि त्यावरून एक तक्ता बनवतात. यंत्र भागाकार त्या तक्त्यात शोधतं आणि आकडा दाखवतं. माणसांना ७० टक्क्यांच्या खाली नेणं सुरक्षित नसतं, म्हणून त्याखालचा कोणताही आकडा अंदाजच असतो. शिवाय तक्ता ज्यांच्या बोटांवर बनला, त्यांची त्वचा कशी होती यालाही महत्त्व येतं.

आता ‘±२’. ही कमाल चूक नाही, चुकांची सरासरी मोजण्याची एक सांख्यिकी रीत आहे. तिचा व्यवहारातला अर्थ असा, की साधारण दोन-तृतीयांश वाचनं खऱ्या आकड्याच्या २ टक्क्यांच्या आत असतील आणि ९५ टक्के वाचनं ४ टक्क्यांच्या आत. म्हणजे पडद्यावर ९० असेल तर रक्तात ८६ही असू शकतं आणि ९४ही. हा फरक क्षुल्लक नाही. या टक्केवारीचा, म्हणजे संपृक्ततेचा, आलेख वर सपाट असतो, पण ९०च्या आसपास, जिथे धमनीतला ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या ६० मिलिमीटरच्या घरात असतो, तिथून तो झपाट्याने कोसळतो. यंत्र नेमकं जिथे अचूक हवं, तिथेच त्याचा अंदाज सैल असतो.

त्वचेच्या रंगाचा प्रश्न डिसेंबर २०२०मध्ये ठळकपणे पुढे आला. मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी रुग्णालयातल्या ऑक्सिमीटरचे आकडे आणि त्याच सुमाराची धमनीच्या रक्ताची तपासणी शेजारी ठेवली. यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना प्रत्यक्षात ८८च्या खाली असलेली वाचनं गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के निघाली, कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के. त्वचेला रंग देणारं मेलॅनिन स्थिर असल्यामुळे भागाकारात ते कटून जायला हवं. पण एलईडीचा प्रकाश एकाच तरंगलांबीचा नसतो, त्याला रुंदी असते. मेलॅनिन त्यातला काही भाग जास्त गाळतं, उरलेल्या प्रकाशाचा मध्यबिंदू सरकतो, आणि फोटोडायोडपर्यंत पोहोचणारा संकेतही क्षीण होतो. दोन्हींमुळे आकडा बहुधा वरच्या बाजूला चुकतो. वरची चूक जास्त धोक्याची, कारण ती धीर देते. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएच्या २०१३च्या सूचनेत किमान १० माणसांवर चाचणी पुरत होती आणि त्यात गडद त्वचेची २ माणसं चालत होती. जानेवारी २०२५च्या मसुद्यात ही संख्या १५० किंवा जास्त केली आहे आणि त्वचेचा रंग मोजून नोंदवायला सांगितलं आहे. हे फार आधी व्हायला हवं होतं.

स्वस्त यंत्र वाईटच असतं असं मात्र नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने २०१६मध्ये सहा स्वस्त ऑक्सिमीटर तपासले, तेव्हा चार निकषात बसले नाहीत, पण उरलेले दोन महागड्यांच्या तोडीचे ठरले. म्हणून किमतीवरून काही ठरवू नका. त्याच विद्यापीठाचा ‘ओपनऑक्सिमेट्री’ हा प्रकल्प तपासलेल्या मॉडेलांचे निष्कर्ष सर्वांसाठी खुले ठेवतो. घ्यायचं मॉडेल तिथे सापडलं तर आधी ते वाचा.

दुकानात खोकं हातात घेतल्यावर आधी परवाना क्रमांक शोधा. भारतात बनलेल्या यंत्रावर तो ‘एमएफजी/एमडी’ने सुरू होतो, आयात केलेल्यावर ‘आयएमपी/एमडी’ने. ‘आयएसओ ८०६०१-२-६१’ हे मानक छापलेलं असेल तर बरं. ‘वैद्यकीय वापरासाठी नाही’ असं बारीक अक्षरांत लिहिलं असेल तर खोकं परत ठेवा. मग पडदा पाहा. नुसती वर-खाली होणारी पट्टी पुरेशी नाही, नाडीची लाट दिसली पाहिजे. चांगली लाट झपकन चढते, सावकाश उतरते, उतरताना एक छोटी खाच दिसते, आणि प्रत्येक लाट आधीच्या लाटेसारखी असते. लाट वेडीवाकडी असेल तर शेजारचा आकडा कितीही छान असो, तो लिहू नका. दुसरी हवी ती ‘पीआय’ची नोंद, म्हणजे बोटातल्या नाडीची ताकद. ती ०.५च्या खाली असेल तर वाचनावर भरवसा ठेवता येत नाही. लाट आणि पीआय दोन्ही दाखवणारं यंत्र थोडं महाग पडतं, तरी तेच घ्यावं. ब्लूटूथ आणि ॲप नसलं तरी काही बिघडत नाही.

लावण्याची पद्धत साधी आहे, पण ती पाळली नाही तर महागडं यंत्रही चुकतं. पाच मिनिटं शांत बसा. हात गार असतील तर चोळून गरम करा. नेलपॉलिश पुसा, विशेषतः काळी, निळी, हिरवी. बोटांच्या टोकांवर गडद काळी मेंदी असेल तर ज्या बोटावर नाही ते निवडा, नाहीतर कानाच्या पाळीसाठी वेगळा सेन्सर लागतो. बोटाची क्लिप पाळीला लावू नये. उजव्या हाताचं मधलं बोट किंवा अंगठा बहुधा चांगला संकेत देतो. नख वर ठेवून बोट आतल्या टोकाला टेकेपर्यंत सरकवा. नख फार वाढलेलं असेल तर बोट तिथवर जात नाही, प्रकाश कडेने निसटतो आणि आकडा बिघडतो. हात छातीच्या उंचीला, टेबलावर टेकवलेला. उन्हात किंवा प्रखर दिव्याखाली असाल तर वरून रुमाल टाका. पहिला आकडा लिहू नका. किमान ३० सेकंद, शक्यतो मिनिटभर थांबा आणि स्थिरावलेला आकडा घ्या. सोबत मनगटाची नाडी ३० सेकंद मोजून दुप्पट करा. यंत्राच्या नाडीत आणि तुमच्या मोजणीत पाचाहून जास्त फरक असेल तर ऑक्सिजनचा आकडाही सोडून द्या, पुन्हा लावा.

यंत्र ८५च्या आसपास अडकून बसलं तर घाबरण्याआधी बोट तपासा. दोन्ही रंगांत सारखाच गोंगाट, म्हणजे नाडीशी संबंध नसलेला संकेत, आला की भागाकार १ येतो, आणि तक्त्यात १च्या समोर साधारण ८५ आहे. कंप, थंडी, सैल क्लिप यांत हेच होतं. पेन्सिल घातली तरी आकडा येतो असे व्हिडिओ फिरले होते, त्यामागेही थरथरत्या हाताचा गोंगाटच असू शकतो. चांगल्या यंत्राने मात्र अशा वेळी आकड्याऐवजी रेघ दाखवायला हवी. पण रुग्णाला धाप असेल, ओठ निळसर असतील, बोलताना वाक्य तुटत असेल, तर आकडा ८५ असो की ९६, वेळ न घालवता दवाखाना गाठा.

एका आकड्यापेक्षा कल महत्त्वाचा. तब्येत बरी असताना आठवडाभर रोज त्याच वेळी, त्याच बोटावर मोजून आपला नेहमीचा आकडा लिहून ठेवा. नेहमी ९७ असणारा माणूस ९३वर आला तर ती खूण आहे, मग ९३ हा आकडा स्वतः कसाही वाटो. गडद त्वचेच्या माणसाने याबाबत आणखी काटेकोर राहावं. सीओपीडीच्या काही रुग्णांसाठी डॉक्टर ८८ ते ९२ हेच लक्ष्य ठरवतात. अशा घरात आकडा वाढवण्यासाठी ऑक्सिजनचा प्रवाह परस्पर वाढवू नये, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू शकतो, आणि तो या यंत्राला दिसत नाही.

रक्तक्षयही त्याला दिसत नाही. हिमोग्लोबिन ७ असलेल्या बाईचा ऑक्सिमीटर ९९ दाखवेल, कारण तो आहे त्या हिमोग्लोबिनचा किती हिस्सा भरलेला आहे एवढंच सांगतो. हिमालयात ट्रेकला जाणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं, की लेहसारख्या ३,५०० मीटर उंचीवर निरोगी माणसाचा आकडाही ९०च्या खाली येऊ शकतो. तिथे डोकेदुखी, मळमळ, तोल जाणं ही लक्षणं आधी पाहायची, यंत्र नंतर.

सगळ्यात मोठा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. बंद न्हाणीघरातला गॅस गिझर किंवा दारं लावून पेटवलेली कोळशाची शेगडी यांतून तो निघतो आणि हिमोग्लोबिनला चिकटतो. असं हिमोग्लोबिन लाल प्रकाशाला जवळपास ऑक्सिजनयुक्त रक्तासारखंच दिसतं. माणूस गुदमरत असताना पडद्यावर ९८ किंवा १०० येतं. अशा वेळी क्लिप शोधत बसू नका. दारं-खिडक्या उघडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, १०८ला फोन करा. रुग्णालयात पोहोचताच गिझर किंवा शेगडी चालू होती हे स्पष्ट सांगा, म्हणजे तिथले डॉक्टर बोटाच्या आकड्यावर न थांबता रक्ताची को-ऑक्सिमेट्री, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन वेगळं मोजणारी तपासणी, करतील.