पोर्ट लुईत आईला विकलेला कागद

मॉरिशसला जाणाऱ्या मराठी माणसांनी, त्यातही आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी, हे वाचावं म्हणून लिहितोय. आमचे साधारण पंधरा हजार रुपये गेले. पैशांचं वाईट वाटणं चार दिवसांत संपलं, पण आईला ज्या गोष्टीवरून फसवलं त्याचा राग अजून गेलेला नाही.

आईचं माहेर राजापूरचं. तिच्या पणजोबांचा धाकटा भाऊ मुंबईहून जहाजात चढला तो परत आलाच नाही, एवढंच तिच्या घरात ठाऊक. त्यामुळे मॉरिशसला गेल्यावर तिला समुद्रकिनारे नको होते, अप्रवासी घाट बघायचा होता. मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई, तिच्या बंदरातली ही जागा. 1834 पासून साडेचार लाखांच्या आसपास गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेले, मजूर हिंदुस्थानातून मॉरिशसला आले, त्यातले बहुतेक इथूनच पुढे उसाच्या मळ्यांवर गेले. बोटीतून उतरल्यावर ते ज्या सोळा दगडी पायऱ्या चढले, त्या अजून आहेत. 2006 मध्ये युनेस्कोने या जागेला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

गुरुवारी सकाळी आम्ही तिघं, मी, बायको आणि आई, बंदराकाठच्या कोदाँ वॉटरफ्रंट या बाजाराच्या भागात उतरलो. एक टॅक्सीवाला स्वतःहून पुढे आला. आईची नऊवारी बघून म्हणाला, “मराठी ना? आमचे पण रत्नागिरीचे. या आई, बसा.” पुढचं सगळं हिंदीत, पण मधून मधून ‘आई’, ‘बसा’, ‘जेवलात का’. त्या तीन-चार शब्दांवर आम्ही विरघळलो. सगळं शहर दाखवायचे अडीच हजार ठरले. तिथला रुपया आपल्या पावणेदोन-दोन रुपयांच्या घरात जातो, हा हिशोब त्या वेळी डोक्यात आलाच नाही.

आधी त्याने आम्हाला गावभर फिरवलं. घोड्यांच्या शर्यतींचं शाँ द मार्स गाडीतूनच दाखवलं. टेकडीवरच्या किल्ल्याला तीनशे रुपये माणशी तिकीट म्हणून पैसे घेतले आणि “मी काढून आणतो, तुम्ही चला पुढे” म्हणाला. अप्रवासी घाटावरही तसंच, आणि तिथे जेमतेम दहा मिनिटं. आई पायऱ्यांपाशी उभी राहून डोळे पुसत होती, तोवर हा घड्याळ दाखवायला लागला. ब्लू पेनी म्युझियममध्ये 1847 ची दोन प्रसिद्ध टपाल तिकिटं आहेत. उजेडाने खराब होऊ नयेत म्हणून अस्सल तिकिटांवर दर तासाला थोडाच वेळ दिवा लावतात, बाकी वेळ नकला बघायच्या. आम्हाला नकलाच बघायला मिळाल्या, कारण त्याला घाई होती.

घाई कसली होती ते नंतर कळलं. आईने गाडीत पणजोबांच्या भावाची गोष्ट त्याला सांगितली होती, नावासकट. तो म्हणाला, “माझा माणूस आहे दफ्तरात. प्रत्येक मजुराचा नंबर, जहाज, गाव, सगळं लिहिलेलं असतं. शोधायची फी चार हजार.” हे अर्धं खरं आहे, म्हणूनच आम्ही फसलो. अशी दफ्तरं खरोखर आहेत. आम्हाला एका दुकानात चहाला बसवून तो गेला आणि पाऊण तासाने कागद घेऊन आला. झेरॉक्सच, पण प्लास्टिकमध्ये घातलेली. आत जुनं वळणदार इंग्रजी अक्षर आणि नाव तेच, जे आईने सांगितलं होतं. आईने कागद कपाळाला लावला. मी पैसे मोजले.

शुक्रवारी आईला पुन्हा घाटावर जायचं होतं. या वेळी कोदाँपासून चालत गेलो. दहा-पंधरा मिनिटांत पोचलो, सत्तरी ओलांडलेल्या आईच्या पावलांनी! घाटावर तिकिटाची खिडकीच नव्हती, प्रवेश फुकट. किल्ल्यालाही तिकीट नाही हे तिथेच कळलं. आईने तिथल्या बाईंना कौतुकाने कागद दाखवला. त्यांनी तो उजेडात धरला, बराच वेळ बघितला आणि मग हळूच मला बाजूला बोलावलं. जहाज सुटल्याचं बंदर कलकत्ता. जिल्हा आरा, म्हणजे बिहार. मूळ नावावर पांढरी पट्टी चिकटवून वर नवं नाव लिहिलेलं, आणि मग त्याची झेरॉक्स. नीट बघितल्यावर पट्टीची कड मलाही दिसली.

त्याच बाईंनी सांगितलेलं इथे देतो. मजुरांची जुनी दफ्तरं मोका नावाच्या गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. चौकशी तिथे स्वतः करा, कुणा मध्यस्थाच्या हाती पैसे देऊ नका. जाताना नाव, वडिलांचं नाव, गाव, जमेल तर वर्ष आणि जहाज लिहून न्या. नुसत्या नावावर काही सापडत नाही, एकेका नावाची शेकडो माणसं आहेत. शहरात कोदाँ, सेंट्रल मार्केट, घाट, सगळं पायी होतं. मेट्रोचं शेवटचं स्टेशनही अप्रवासी घाटाचंच. टॅक्सी लागलीच तर कुठून कुठे आणि किती, हे बसायच्या आधी ठरवा आणि आकडा कागदावर लिहून घ्या. तिकीट असेल तिथे स्वतः खिडकीवर जा, पावती हातात घ्या. वाटेत थांबणं, दुकानं, ‘माझा माणूस’ असं काही निघालं की तिथेच उतरा. तो खरंच रत्नागिरीचा होता की नाही, देव जाणे. तिथल्या मराठी माणसांबद्दल मनात अढी मात्र धरू नका. आम्हाला सावरणाऱ्या त्या बाईही मराठीच होत्या.

आईला हे सांगायचं कसं, या विचारात मी होतो. तिला आधीच कळलं होतं. तिने कागद परत मागितला नाही. “हा आऱ्याचा कुणीतरी आहे ना, मग त्याच्या माणसांना सापडू दे,” म्हणाली आणि तो त्या बाईंपाशीच ठेवून आली. हॉटेलवर पोचल्यावर तिने राजापूरला मामीला फोन लावला आणि पणजोबांच्या वडिलांचं नाव विचारलं.