वुडकट-एचिंगचा स्टार्टर बॉक्स: हत्यारं झकास, बाकी काय विचारू नका बाप्पा

वुडकट म्हणजे लाकूड कोरून छापणं, एचिंग म्हणजे धातूच्या प्लेटवर रसायनानं रेघ खाऊन छापणं, त्या दोन्हींच्या या बॉक्सला पाचपैकी अडीच स्टार. त्यातले दोन निस्ते हत्यारांचे अन् अर्धा शाईचा. सेफ्टीच्या नावाखाली जे काही भरून पाठवलं ते भंगारवालाही घेणार नाही.

मी वरुड तालुक्यात राहते, घरी संत्र्याची बाग, शाळेत ड्रॉइंग शिकवते. प्रिंटमेकिंग शिकून बारा वर्षं झाली, मग लग्न, गाव, आंबिया बहार, मृग बहार, यात प्लेट काही हातात आली नाही. मागच्या जुलैत मोबाइलवर हा बॉक्स दिसला, "घरबसल्या एचिंग आणि वुडकट, प्रेसची गरज नाही", 3,850 रुपये, अन् मी रात्री साडेअकराला ऑर्डर टाकून मोकळी. कंपनीचं नाव लिहत नाही कारण त्यांच्याशी मेल-मेल अजून सुरूच आहे. आता मे चालू आहे, म्हणजे दहा महिने वापरून मग लिहून राहिले, आल्या-आल्या फोटो टाकून पाच स्टार देणाऱ्यातली मी नाही.

कुरिअर गावात येत नाही, वरुडला जाऊन आणला. खोका हातात घेतला तर खालून तपकिरी डाग, मला वाटलं गाडीत कोणाचा चहा सांडला असेल. घरी उघडला तं आतमध्ये फेरिक क्लोराइडची पन्नी, तिला सुईएवढं भोक, अन् त्याच कप्प्यात लाकूड कोरायची पाच हत्यारं अन् एक स्टीलची पट्टी! फेरिक हवेतलं पाणी ओढून घेते, त्यात आमच्याइकडचा जुलै, पन्नीत चिखल झाला होता अन् तो चिखल पाझरून व्ही-टूलच्या (व्ही आकाराच्या कोरणीच्या) टोकावर गेला, टोकाला बारीक-बारीक खड्डे पडले. धातू खायलाच जे बनवलं ते धातूच्या हत्यारांसोबत एका खोक्यात ठेवणाऱ्या माणसाला मला एकदा भेटायचं आहे.

आता त्यातल्या माहितीपत्रकाबद्दल. लिहिलं आहे, पावडर भांड्यात घ्या अन् वरून एक लिटर गरम पाणी ओता. अरे बाप्पा. पावडर काळपट-हिरवी असेल तर ती बिनपाण्याची असते, पाण्यात गेल्याबरोबर जबर तापते, चरचर आवाज येते अन् हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ नाकात जाते. करायचं उलटं, प्लास्टिकच्या बादलीत आधी थंड पाणी, मग त्यात चमचा-चमचा पावडर, अंगणात, वारा पाठीमागून घेऊन, अन् मध्ये-मध्ये थांबायचं. पिवळी-तपकिरी ढेकळं मिळाली तर ती कमी तापतात पण सवय हीच ठेवा. ॲसिड पाण्यात, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही, हे पाठ आहे ना, फेरिकलाही तेच लागू.

मास्क म्हणून दिला आहे तो साधा धुळीचा, कानात अडकवायचा. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर लोक गेले, त्यानंतर आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही समजते की रुमाल बांधला म्हणजे विष थांबत नाही. तसंच हे. धुळीच्या मास्कमधून वाफ आरामात आत जाते, वाफेसाठी काडतूसवाला मास्क लागते अन् तोही त्या-त्या गॅसचा, त्यापेक्षा सोपं म्हणजे वाफ निघेल असं कामच घरात करायचं नाही. हातमोजे पातळ लॅटेक्सचे, पहिल्याच दिवशी अंगठ्यापाशी फाटले, मी वरुडहून नायट्राइलचा डबा आणला. चष्मा तं दिलाच नाही! फेरिकचा थेंब हातावर पडला तर पिवळा डाग राहते अन् धुतलं की भागते, डोळ्यात गेला तं? 3,850 मध्ये एक प्लास्टिकचा चष्मा नाही बसत?

तरी बरं की नायट्रिक ॲसिड दिलं नाही. शिकत असताना झिंकची प्लेट नायट्रिकमध्ये टाकली की लालसर-तपकिरी धूर निघायचा तो अजून आठवते, त्या गॅसची खोडी अशी की त्या वेळेला थोडा ठसका येते अन् माणूस ठीक वाटते, फुप्फुसात पाणी भरते ते कित्येक तासांनी, रात्री. जुनी पुस्तकं वाचून कोणी नायट्रिक शोधून राहिलं असेल तर नका शोधू.

आता खरी गंमत. बॉक्समध्ये फेरिक आहे अन् प्लेटा दिल्या झिंकच्या. फेरिक हे तांब्याचं औषध, तांब्यात ते शांतपणे खाते, बुडबुडे नाही, रेघ एकदम साफ, फक्त गाळ रेघेत बसतो म्हणून प्लेट पालथी तरंगवायची नाहीतर उभी ठेवायची. झिंक त्याच्यात टाकलं की फसफस, हायड्रोजनचे बुडबुडे, गरम होते, अन् रेघेचे काठ उंदरानं कुरतडल्यासारखे. मी दोनातली एक प्लेट अशीच वाया घालवली, पत्रकावर भरोसा ठेवून, चूक माझीही आहे, मला माहीत असायला पाहिजे होतं.

दुसरी प्लेट वाचली ती सासऱ्यांमुळे. मी अंगणात चिडून बसली होती, बाबा आले, म्हणे काय झालं. मी म्हटलं झिंक खाणारं पण धूर न करणारं काहीतरी पाहिजे, मोरचूद (कॉपर सल्फेट) चालते असं ऐकलं होतं. तर म्हणाले, "मंग कोठ्यात पडलंच हाय ना वं मोरचूद, डिंक्यासाठी आणलेलं. तुयं हे काम तं आपलं बोर्डोच झालं, विळा बुडवून पाह्य."

संत्रावाल्यांना सांगायला नको पण बाकीच्यांसाठी सांगते, डिंक्या म्हणजे संत्र्याच्या झाडातून डिंक गळायचा रोग, अन् बोर्डो म्हणजे त्यावरचं मोरचूद-चुन्याचं औषध. एक टक्का बोर्डो म्हणजे 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. लोखंडी भांड्यात ते कधीच करत नाहीत, अन् झाल्यावर त्यात विळा किंवा चाकू बुडवून पाहतात, पात्यावर लाल तांबं चढलं म्हणजे चुना कमी पडला, अजून टाका. तं ते तांबं चढते म्हणजे काय होते? लोखंड विरघळून पाण्यात जाते अन् त्याच्या जागी मोरचुदातलं तांबं येऊन बसते. झिंकच्या प्लेटवर मेण-डांबराचा ग्राउंड, म्हणजे प्लेट खाऊ न देणारा थर, लावून त्यावर सुईनं रेघ काढा अन् मोरचुदाच्या पाण्यात टाका, जिथं रेघ आहे तिथंच हा सौदा होतो. एचिंग, एचिंग म्हणून मी हजारो रुपये फी भरून शिकली ते बाबा दर पावसाळ्यात विळ्यावर करून राहिले.

मी अर्धा लिटर पाण्यात 40 ग्रॅम मोरचूद अन् 40 ग्रॅम मीठ घेतलं. मीठ पडल्याबरोबर निळं पाणी हिरवट होते, घाबरू नका. प्लेट टाकली, काही सेकंदात रेघा काळ्या पडल्या अन् मग त्यावर लाल-तपकिरी बुरशीसारखं लोंबायला लागलं, ते तांबं, तो बुरा कोंबडीच्या पिसानं हळूहळू झाडत राहायचा नाहीतर खालची रेघ खायची थांबते. पीस मुद्दाम, ब्रशचे केस ग्राउंड ओरखडतात, जुने लोकही पीसच वापरायचे. कोपऱ्यात टेस्टच्या रेघा मारून 5, 10, 20, 40 मिनिटांनी एक-एक झाकत गेली, मला 20 ची आवडली. पाण्याचा रंग उडाला की समजायचं मोरचूद संपलं. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावरही चालते पण ते भयानक जोरात चालते, उकळल्यासारखं, म्हणून पोरांसमोर मी करत नाही.

अन् हे काही प्रसादाचं पाणी नाही. मोरचूद पोटात गेलं तर विष, डोळ्यात गेलं तर डोळा जाते. माझी दुसऱ्याच दिवशी टरकली, टब पाच मिनिटं उघडा ठेवून आत फोन घ्यायला गेली, येऊन पाहते तं शेजारच्यांची बकरी तोंड घालायच्या बेतात. मीठ आहे ना त्यात, जनावर मिठाला येतेच. तेव्हापासून झाकणाची बादली अन् वर दगड. वापरलेलं पाणी विहिरीजवळ, नाल्यात, गोठ्यामागं फेकायचं नाही, धुण्याचा सोडा फेस थांबेपर्यंत थोडा-थोडा टाकायचा, गाळ खाली बसते, तो वाळवून डब्यात बंद. पत्रकात लिहिलं आहे "भरपूर पाण्यासोबत सिंकमध्ये सोडा". सिंक! आमच्याकडे मोरी आहे अन् मोरीचं पाणी जाते परसातल्या वांग्यांना.

राळेची पुडी पण आहे बॉक्समध्ये, ॲक्वाटिंटसाठी, म्हणजे छापात रेघेऐवजी करडी छटा आणायला, फडक्यातून झटकून गॅसच्या शेगडीवर प्लेट गरम करा म्हणे. राळेची बारीक धूळ हवेत उडाली अन् बाजूला आग असली तर भडका उडते, अन् रोज नाकात गेली तर दमा लागते तो कायमचा. मी पुडी उघडलीच नाही.

"प्रेसची गरज नाही" हे साफ खोटं. एचिंगची शाई रेघेच्या आत असते, ती कागदावर ओढून काढायला रोलरचा दाब लागते, चमच्यानं घासून अर्ध्या रेघा येतात अन् अर्ध्या तुमच्या मनात राहतात. मी प्लेटा साठवून ठेवते अन् नागपूरला मैत्रिणीकडं प्रेस आहे तिथं दोन-तीन महिन्यांतून जाते. जायच्या आधी प्लेटचे काठ कानशीनं उतरते करून न्या, नाहीतर तिच्या प्रेसचं नमदा-कापड कापलं जाईल अन् मैत्री पण.

आता जे चांगलं आहे ते. हत्यारं, खरंच, झकास. यू दोन, व्ही एक, सपाट एक, चाकू एक. येताना धार नव्हती पण पोलाद चांगलं आहे, दगडावर अन् मग जुन्या चामडी पट्ट्यावर पॉलिश लावून घासली तं दहा महिने टिकली, मध्ये-मध्ये पट्ट्यावर फिरवते तेवढंच. बोथट हत्यारच हात कापते, त्याला जोर लावावा लागते अन् जोरात ते सटकते. माझा डावा अंगठा साक्षीला आहे, तीन टाके, कारण फळी धरायला हात पात्याच्या पुढं ठेवला होता. मग सुतारदादांकडून एक पाटी करून घेतली, एका टोकाला वरून पट्टी अन् दुसऱ्या टोकाला खालून, खालची टेबलाच्या काठाला अडकते, वरची फळीला अडवते, दोन्ही हात हत्याराच्या मागं राहतात. टाकाऊ लाकडाची म्हणून पैसेही घेतले नाही. अशी पाटी बॉक्समध्ये असती तर मी तिसरा स्टारही पुरा दिला असता.

कोरायला एमडीएफचे दोन तुकडे दिले आहेत, ते शिकायला ठीक, पण त्याची धूळ वाईट, डिंकाचा भुगा तो, घरात सॅन्डपेपर मारू नका. मी आधी सुतारदादांकडचा सागवानाचा तुकडा घेतला, विदर्भात राहून सागवान नाही तं काय, पण सागात वाळूसारखं सिलिका असते, धार पटकन जाते, अन् एक रेष मऊ एक टणक, व्ही-टूल भलतीकडंच पळते. कापडावर छापायचे ठसे सागाचे करतात हे खरं आहे, गुजरातेत पेथापूरचे कारागीर करतात, पण त्यांचा हात कुठं अन् माझा कुठं. मग आरा मशीनवाल्याकडून शिवणीची फळी आणली. एकदम लोण्यासारखं नाही पण सरळ, शांत लाकूड. त्यावर बाबांचा बैल कोरला, शिंग तुटलं, आता तो एकशिंगी आहे. बंगालचे छापचित्रकार हरेन दास (1921–1993) यांच्या वुडकटमधली गावं, नांगर, माणसं पाहिली की समजते लाकडातून किती बारीक उजेड काढता येते, अन् मग स्वतःच्या एकशिंगी बैलाकडं पाहवत नाही.

शाई तेलाची काळी, ट्यूब छोटी पण दाट, चांगली. रोलरवर ती चिकटून सोडते तेव्हा बारीक पावसासारखा आवाज आला म्हणजे थर बरोबर. कागद मागून घासायला प्लास्टिकचा बॅरन (हातात धरायची गोल चकती) दिला त्यापेक्षा घरची स्टीलची पळी बरी. पाण्याच्या रंगानं जपानी पद्धतीनं छापायचं असेल तर एप्रिल-मे विसरा, 45 डिग्रीत भिजवलेला कागद पापडासारखा होते, मी सकाळी पाचला बसते अन् सातला आवरते.

साफ करायला पत्रक म्हणते थिनर नाहीतर रॉकेल. कशाला? आधी खायचं कोणतंही तेल टाकून पुसायचं, मग भांड्याचा साबण. अन् एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, या शाईत जवसाचं तेल असते, जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात ढीग केला तर त्या आपोआप तापतात अन् पेटतात, काडी लागत नाही. आमच्या उन्हाळ्यात तर कोठ्यात कापूस, कुटार, चिंध्या, सगळं एकत्र. मी चिंध्या पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवते.

कस्टमर केअरला सगळं लिहून पाठवलं, फोटोसकट. तीन आठवड्यांनी नवीन व्ही-टूल आलं, पैसे घेतले नाही, हे मान्य. झिंकबद्दल उत्तर आलं की "आमचे इतर ग्राहक समाधानी आहेत". चष्म्याबद्दल काहीच नाही.

घ्यायचं असेल तर हत्यारांचा सेट वेगळा मिळते 1,400 ला, तेवढाच घ्या, शाईची ट्यूब घ्या, बाकी मोरचूद कृषी केंद्रात अन् फळी आरा मशीनवर. उरलेलं फेरिक मी वरुडच्या मोबाइल दुरुस्तीवाल्या दादाला दिलं, त्यांना सर्किटची तांब्याची पाटी खायला तेच लागते. चष्मा घाला म्हटलं तर हसले, पण माझ्या फोनची फुटलेली काच फुकटात बदलून दिली.