गोष्टीच्या खेळाला एजंट जोडताना: डीफ्रॉट्झ, रेमग्लक की जेरिको?

मजकुरावर चालणारी संवादात्मक कथा ही मुळातच टर्मिनलसाठी, म्हणजे आज्ञा टंकून मजकुरात उत्तर मिळवण्याच्या पडद्यासाठी, घडवलेली गोष्ट आहे. कथा प्रसंगाचे वर्णन करते, वाचक एक आज्ञा टंकतो, कथा तिचा परिणाम सांगते आणि पुन्हा वाट पाहत थांबते. एमआयटीमध्ये १९७७ साली पीडीपी-१० या संगणकावर सुरू झालेला झॉर्क असाच चालत असे. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या इन्फोकॉमने तो घरगुती संगणकांवर नेण्यासाठी झेड-मशीन नावाचे आभासी यंत्र आखले, आणि तेव्हापासून कथेची फाइल वेगळी व ती चालवणारा इंटरप्रिटर वेगळा, अशी विभागणी रूढ झाली. एआय एजंट, म्हणजे भाषेच्या मॉडेलच्या आधारे स्वतः आज्ञा ठरवून देणारा प्रोग्राम, जोडू पाहणाऱ्याने ही विभागणी आधी नीट समजून घ्यावी, कारण एजंट कथेला जोडला जात नाही, तो इंटरप्रिटरला जोडला जातो, आणि पुढच्या बहुतेक अडचणी इंटरप्रिटरच्या निवडीतून येतात.

निवड करताना मी एक प्रश्न सर्वांत आधी विचारतो: कथा बोलून थांबली, आता आपली पाळी आली, हे एजंटाला कसे कळणार? माणसाला ते पडद्याकडे पाहून कळते, पण प्रोग्रामला कळण्यासाठी काहीतरी ठोस खूण लागते. खालील तिन्ही मार्ग या प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरे देतात.

पहिला मार्ग डीफ्रॉट्झचा आहे. फ्रॉट्झ या जुन्या आणि भरवशाच्या झेड-मशीन इंटरप्रिटरची ही साधी आवृत्ती पडद्यावर कुठलीही मांडणी न करता मजकूर सरळ आउटपुटवर सोडते. लिनक्सच्या बहुतेक वितरणांत फ्रॉट्झ सहज मिळतो, आणि पायथनमधून तो चालवून त्याचे इनपुट-आउटपुट पाइपने मॉडेलला जोडणे हे एका संध्याकाळचे काम आहे. ‘एम’ या पर्यायाने पान भरल्यावर येणारी ‘मोअर’ची सूचना बंद होते, ‘पी’ने आउटपुट साध्या अक्षरांत येते, आणि ‘एस’ने यादृच्छिक संख्यांचे बीज ठरवून देता येते. झॉर्कमधल्या लढाया आणि चोराचे येणे-जाणे नशिबावर अवलंबून असल्यामुळे हा शेवटचा पर्याय फार मोलाचा आहे. त्यावाचून काल आलेली चूक आज पुन्हा घडवून तपासता येत नाही.

मात्र आपल्या मूळ प्रश्नाला डीफ्रॉट्झकडे चांगले उत्तर नाही. आज्ञेची वाट पाहताना तो ‘>’ हे चिन्ह छापतो आणि त्यानंतर नवी ओळ सुरू करत नाही, म्हणून एकेक ओळ वाचणारा प्रोग्राम त्या अपुऱ्या ओळीवर अडकून बसतो. यावर अनेक जण अर्धा सेकंद थांबून जे आले ते वाचण्याचा उपाय करतात, पण यंत्रावर ताण आला की तो कोलमडतो. आउटपुटच्या शेवटी ते चिन्ह आले आहे का हे पाहणे अधिक बरे, तरी तेही पुरेसे नाही, कारण काही कथा स्वतःचे वेगळे चिन्ह वापरतात, काही मध्येच हो-नाही विचारतात आणि काही केवळ एखादी कळ दाबण्याची वाट पाहतात. शिवाय ठिकाण, गुण आणि चालींची संख्या सांगणारी स्थितीची ओळ प्रत्येक पाळीला मजकुरातच मिसळून येते, आणि मॉडेल तिला कथेचा भाग समजते. सुरक्षिततेचाही विचार करावा लागतो: कथेतल्या ‘सेव्ह’ आज्ञेला फाइलचे नाव द्यावे लागते आणि ते नाव एजंट देणार असतो. मोठ्या लिपीतल्या ‘आर’ (-R) पर्यायाने वाचन-लेखन एकाच फोल्डरपुरते बांधून घेतल्याशिवाय एजंटाला डीफ्रॉट्झपुढे बसवू नये, असे माझे ठाम मत आहे.

टर्मिनलवर चालणाऱ्या एजंटांच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. असे अनेक एजंट प्रत्येक शेल-आज्ञा (टर्मिनलवर दिलेली आज्ञा) स्वतंत्रपणे चालवून ती संपण्याची वाट पाहतात. कथा तर संपत नाही, ती थांबून राहते. टीमक्स या, टर्मिनल पार्श्वभूमीला चालू ठेवणाऱ्या प्रोग्रामच्या सत्रात कथा चालू ठेवून एका आज्ञेने कळा पाठवणे व दुसरीने पडद्यावरचा मजकूर उचलणे, हा त्यावरचा प्रचलित तोडगा आहे. तो चालतो, परंतु ‘थांबली की नाही’ हा प्रश्न तिथेही अनुत्तरितच राहतो.

दुसरा मार्ग रेमग्लकचा, आणि माझा कल उघडपणे याच्याकडे आहे. अँड्र्यू प्लॉटकिन यांनी आखलेल्या ग्लक या, इंटरप्रिटर आणि पडदा यांच्यातल्या मध्यस्थ थराची ही अशी आवृत्ती आहे की ती पडद्याऐवजी जेसनमध्ये, म्हणजे प्रोग्रामला सहज वाचता येणाऱ्या ठरावीक मांडणीच्या मजकुरात बोलते. इंटरप्रिटर प्रत्येक पाळीला एक संपूर्ण जेसन वस्तू बाहेर देतो: कोणत्या खिडकीत कोणता मजकूर आला, स्थितीची ओळ कोणती, आणि आता कथेला पूर्ण ओळ हवी आहे की एकच कळ. म्हणजे पाळी कुठे संपली हे अंदाजाने ठरवावे लागत नाही. प्रत्येक पाळीला एक क्रमांक असतो आणि उत्तर पाठवताना तोच क्रमांक परत द्यावा लागतो, त्यामुळे उशिरा पोहोचलेली शिळी आज्ञा चुकीच्या पाळीला लागत नाही. ज्याने पाइपमधून अर्धवट वाक्ये गोळा करण्यात दिवस घालवले आहेत, त्याला या काटेकोरपणाची किंमत लगेच उमजेल.

रेमग्लकचा दुसरा गुण म्हणजे एकाच पाळीपुरते चालण्याची सोय. ग्लल्क्स या झेड-मशीनसारख्याच दुसऱ्या आभासी यंत्राच्या स्वरूपातल्या कथांसाठी असलेल्या ग्लल्क्स-ई इंटरप्रिटरला ‘सिंगल टर्न’ आणि आपोआप जतन करण्याचे पर्याय दिले, की तो जतन केलेल्या जागेपासून उठतो, एक आज्ञा घेतो, उत्तर देतो, पुन्हा जतन करतो आणि बंद होतो. प्रत्येक शेल-आज्ञा स्वतंत्र चालवणाऱ्या एजंटासाठी याहून सोयीची रचना मला ठाऊक नाही. झॉर्कसारख्या झेड-मशीनच्या कथा हव्या असतील, तर रेमग्लकशी जोडून बांधलेला बॉकफेल हा इंटरप्रिटर वापरता येतो. कष्ट आहेत ते सुरुवातीचे: हे प्रोग्राम बहुधा स्वतः कंपाइल करावे लागतात, आणि पहिला संदेश म्हणून पडद्याचे माप पाठवावे लागते. हे काम साधारण एका दिवसाचे आहे, आणि ते पुन्हा करावे लागत नाही.

तिसरा मार्ग जेरिकोचा आहे. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेली ही पायथन लायब्ररी फ्रॉट्झच्याच गाभ्यावर उभी आहे, पण तिचा हेतू वेगळा आहे. इथे पाळीचा प्रश्नच उरत नाही, कारण आज्ञा देणे हे एक फंक्शन आहे आणि ते मजकूर, गुण व कथा संपली की नाही हे एकदम परत देते. खेळाची स्थिती स्मृतीत उचलून ठेवता येते आणि हवी तेव्हा परत बसवता येते, म्हणून एकाच प्रसंगापासून दहा वेगळ्या वाटा करून पाहणे शक्य होते. त्या क्षणी कोणत्या आज्ञांनी जगात खरोखर बदल होईल, याची यादीही ती देते. मात्र या सोयी ठरावीक खेळांपुरत्याच पूर्णपणे मिळतात, ग्लल्क्सच्या कथा चालत नाहीत आणि लिनक्स आवश्यक आहे.

ज्याला एजंटाचे मोजमाप करायचे आहे, त्याने जेरिकोच घ्यावी. परंतु दोन गोष्टी प्रामाणिकपणे नोंदवाव्यात. वैध आज्ञांची यादी दिलेला एजंट आणि ती न दिलेला एजंट यांचे गुण शेजारी ठेवता येत नाहीत, कारण आज्ञा सुचणे हीच या खेळांतली निम्मी परीक्षा आहे. दुसरे म्हणजे, झॉर्कच्या पहिल्या भागाचे ३५० गुण मिळवण्याची वाट इंटरनेटवर कित्येक ठिकाणी लिहिलेली आहे, त्यामुळे मॉडेल विचार करत आहे की आठवत आहे हे त्यातून सांगता येत नाही. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचेच २०१८ मधले टेक्स्टवर्ल्ड बरे: खोल्या, वस्तू आणि कामाची लांबी सांगितली की ते कमांड लाइनवर नवी कथा रचून देते, जी मॉडेलने आधी पाहिलेली असण्याची शक्यता फार कमी. त्या कथा कोरड्या असतात, पण परीक्षेला रसाळपणा लागत नाही.

अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलचा (मॉडेलला बाहेरची साधने जोडण्याच्या ठरलेल्या पद्धतीचा) उल्लेख मी चौथा मार्ग म्हणून करत नाही, कारण तो वरील तिन्हींपैकी कशावरही चढवण्याचा थर आहे. एकच सावधगिरी बाळगावी: स्थानिक सर्व्हर प्रमाणित आउटपुटवरून बोलत असेल, तर तिथे प्रोटोकॉलच्या संदेशांशिवाय एक अक्षरही जाता कामा नये. कथेचा मजकूर त्याच वाटेने निसटला की जोडणी बिघडते. नोंदी वेगळ्या, त्रुटींच्या प्रवाहात पाठवाव्यात.

मराठीत कथा रचून तिला एजंट जोडू पाहणाऱ्यांसाठी ही निवड बरीच सोपी होते. झेड-मशीनच्या कथेला इंग्रजीपलीकडची जास्तीत जास्त ९७ अक्षरे आपल्या तक्त्यात घेता येतात, तर युनिकोडमध्ये देवनागरीचा गट १२८ जागांचा आहे. ग्लल्क्सला अशी मर्यादा नाही, म्हणून तिथे ग्लल्क्स आणि रेमग्लक ही जोडी अपरिहार्य ठरते. तरीही अशा कथा लिहिण्याच्या इन्फॉर्म या भाषेचा पार्सर, म्हणजे आज्ञेचा अर्थ लावणारा भाग, क्रियापद आधी अपेक्षितो आणि आपण ‘पेटीतून पत्रक काढ’ म्हणतो, क्रियापद शेवटी आणि विभक्ती शब्दालाच चिकटलेली. तो पार्सर मराठीसाठी नव्याने लिहिण्यापेक्षा पर्यायांवर चालणारी इंक ही भाषा घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. तिचा इंकलकेट हा प्रोग्राम टर्मिनलवर कथा चालवतो, हवे तर जेसनमध्ये बोलतो, आणि एजंटाला फक्त पर्यायाचा क्रमांक द्यावा लागतो.

उलट, जुन्या इंग्रजी कथा मराठी वाचकापर्यंत नेण्यासाठी एजंटालाच मधला दुभाषी करता येते: वाचक मराठीत आज्ञा देतो, मॉडेल ती पार्सरच्या इंग्रजीत घालते आणि उत्तर मराठीत सांगते. यात रेमग्लकच्या स्वच्छ, वेगळ्या केलेल्या मजकुराचा फायदा सर्वाधिक दिसतो. मॉडेलपुढे मागच्या पाळ्यांचा केवळ मराठी अनुवाद ठेवू नये, मूळ इंग्रजी मजकूरही ठेवावा, कारण वाचकाने ‘पत्रक’ म्हटल्यावर मॉडेलने ‘पेपर’ लिहिले आणि कथेला केवळ ‘लीफलेट’ कळत असले, तर समोर दिसणारी वस्तू वाचकाला उचलताच येणार नाही.