हवामानाचं पैसे भरून घेतलेलं ॲप: आमसुलं वाळवणारीचा अभिप्राय

पाचपैकी दोन तारे. एक वाऱ्याच्या नकाशाला, दुसरा जाहिराती बंद झाल्या म्हणून.

ॲपचं नाव लिहीत नाही. ढगाआडून डोकावणारा सूर्य हे त्याचं चिन्ह आहे, म्हणजे मी काहीच सांगितलं नाही. निम्म्या हवामान-ॲपांचं तेच असतं. वर्षाला 499 रुपये. त्यात तासातासाचा अंदाज, पंधरा दिवसांचा अंदाज, पावसाचं हलतं चित्र आणि वाऱ्याचे नकाशे.

मी सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ला तालुक्यातली. एप्रिल-मे म्हणजे आमच्याकडे रातांब्यांचे, म्हणजे कोकमाच्या फळांचे दिवस. रातांबे फोडायचे, बिया-गर काढायचा, सालं उन्हात टाकायची, मग मीठ घातलेल्या रसात बुडवून पुन्हा उन्हात. असे चार-पाच पुट बसले की आमसूल काळंभोर आणि मऊ होतं. मधे एक सर आली तर रंग उतरतो, आणि ओली सालं पडवीत ढीग करून ठेवली की दुसऱ्या दिवशी बुरशीचा वास सुटतो. मला हवामानशास्त्र शिकायचं नाहीये. दुपारी तीन ते संध्याकाळी सहा या वेळात पाऊस येणार का, एवढंच हवंय. वळीव येतो तो नेमका तेव्हाच.

आणि तिथेच हे ॲप कच्चं आहे. स्क्रीनवर आमच्या गावाचं नाव, खाली पावसाची शक्यता लिहिलेली असते: 4 वाजता 35 टक्के, 5 वाजता 40 टक्के. वाचणाऱ्याला वाटतं, कुणीतरी आमच्या खळ्यावर उभं राहून मोजलंय. प्रत्यक्षात संगणक सगळी पृथ्वी चौकटींत कापतो आणि एका चौकटीला एकच उत्तर देतो. आपल्या हवामान खात्याची चौकट आधी 12 किलोमीटरची होती. मे 2025मध्ये आलेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ या खात्याच्या नव्या अंदाज-पद्धतीची 6 किलोमीटरची आहे. वेंगुर्ल्याच्या बंदरापासून घाटमाथ्यावरची आंबोली सरळ रेषेत चाळीसएक किलोमीटर. एवढ्यात समुद्रसपाटीवरून जमीन जवळजवळ सातशे मीटर चढते, आणि वर्षाचा पाऊस दुपटीहून जास्त होतो. त्यात वळिवाचा ढग थोड्याच किलोमीटरचा. तो चौकटीच्या जाळीतून सुटणारच. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला 73. मग माझ्या वाडीचा तासाचा आकडा एवढ्या ठामपणे छापायचा कशाला? ‘तालुक्यात कुठेतरी गडगडाट होईल, नेमकं कुठे सांगता येत नाही’ असं लिहिलं असतं तर मी आणखी एक तारा आनंदाने दिला असता.

शिवाय आकडा दिवसभर बदलतो. सकाळी 10 टक्के बघून सालं पसरावीत, जेवून उठेपर्यंत 55. जगभरचे मोठे अंदाज-संगणक बहुतेक दिवसातून चार वेळा नव्याने चालतात आणि निकाल हाती यायला काही तास जातात. त्यामुळे हा बदल समजण्यासारखा आहे. पण आकडा कधीचा आहे ते ॲपवर कुठेच लिहिलेलं नाही. आमच्याकडे वारं सुटलं की लाईट जाते आणि मागोमाग टॉवरही. मग रेंज नसताना ॲप सकाळचंच पान दाखवत राहतं, खाली हसरा सूर्य. बाहेर सासूबाई ओरडतायत, “गो, वाळवण काढ, पाऊस इलो!” (सासूबाईंचं फार कौतुक नको. त्या मे महिन्यात रोज दुपारी पाऊस येणार म्हणतात, त्यामुळे आला त्या दिवशी बरोबर ठरतात.)

चित्रांबद्दलही तक्रार आहे. 2 मिलिमीटरला ढग आणि तीन थेंब, 200 मिलिमीटरलाही ढग आणि तेच तीन थेंब. 2025च्या मेमध्ये याचा अर्थ कळला. रत्नागिरीसमोर कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, 24 तारखेला ते रत्नागिरी आणि दापोलीच्या मधून किनाऱ्यावर आलं, आणि 25 मेला मान्सून सिंधुदुर्गात हजर. एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात येणारा पाहुणा. झाडावरचे रातांबे तसेच गळून कुजले. एवढी मोठी गोष्ट संगणकाला आधी दिसते; हवामान खात्याचे इशारेही बातम्यांत होते. ॲपवर मात्र तेच तीन थेंब. खात्याची पद्धत निदान ओळखता येते: 64.5 मिलिमीटरपासून जोरदार, 115.6पासून अति जोरदार, 204.4च्या वर अत्यंत जोरदार. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. जिल्ह्याला एकच रंग, त्यामुळे माझ्या अंगणाला त्याचा फारसा उपयोग नाही, पण तो रंग अंगणाबद्दल काही सांगत असल्याचं सोंगही आणत नाही.

पंधरा दिवसांचा अंदाज मी एकदा उघडला आणि सोडून दिला. बारा दिवसांनंतरच्या गुरुवारी संध्याकाळी हलक्या सरी, असं कोण सांगू शकतं? हवामान खातं चार आठवड्यांपर्यंतचं सांगतं, पण आठवड्याच्या हिशेबात, वार-तारखेच्या नाही.

पावसाचं हलतं चित्र दिसायला झकास. पण ढगांच्या कडा इतक्या गुळगुळीत आहेत की मला शंका आहे, बराचसा भाग अदमासाने भरलेला असावा. खरं रडार बघायचं तर पणजीचं आहे, आमच्यापासून पन्नास किलोमीटरच्या आत, आणि त्याचं चित्र खात्याच्या साईटवर फुकट दिसतं. आंबोलीच्या बाजूला लाल ठिपका वाढत असला की तासाभराची तरी सवड मिळते. सालं गोळा करायला तेवढी पुरते.

आता तो एक तारा. वाऱ्याच्या नकाशात उंची बदलता येते, आणि हे मला दुसरीकडे इतकं सोपं सापडलं नाही. तीन किलोमीटर उंचीचा वारा लावून बघते. दुपारी ढग घाटमाथ्यावर उठतात; वरचा वारा पूर्वेचा असेल तर ते उतरून आमच्याकडे येतात, पश्चिमेचा असेल तर कोल्हापूरकडे सरकतात. पूर्वेचा वारा आणि सकाळपासून घामाघूम उकाडा असं दोन्ही जमलं की मी त्या दिवशी पुट देतच नाही, रातांबे फोडण्याचं काम काढते. टक्क्यांपेक्षा हे कितीतरी जास्त वेळा कामाला आलंय.

फुकटातल्यांपैकी ‘मेघदूत’ मराठीत आहे, मंगळवारी आणि शुक्रवारी शेतीचा सल्ला येतो, बागायतदारांनी जरूर ठेवावं. वाळवणाला तो ढोबळ पडतो. ‘दामिनी’ वीज जवळपास पडत असली तर कळवतं. खळ्यात पत्र्याच्या घमेल्यांमध्ये वावरणाऱ्यांनी तर ठेवाच. आणि नवी झाडं लावणार असाल तर लवकर तयार होणारं ‘कोकण अमृता’ वाण लावा, फळ पावसाच्या आधी हाती येतं. आमची झाडं सासऱ्यांच्या वडिलांच्या वेळची आहेत, ती कुणाचं ऐकत नाहीत.

वर्गणी आपोआप पुढे चालू होते, हे घेताना बारीक अक्षरांत असतं. बंद करायचं बटण ॲपमध्ये शोधू नका, तिथे नाहीच. प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर दाबून ‘सबस्क्रिप्शन’मध्ये जा आणि मुदतीच्या दोन दिवस आधीच रद्द करा. माझ्या जावेचे 499 गेले ते असेच, आणि ती राहते डोंबिवलीत.