टिपरेरी घरी करायची तर हिरवी बाटली, सोनेरी की काळी?

मुंबईत टिपरेरी हे कॉकटेल करायला निघालेल्याचं घोडं व्हिस्कीपाशी अडत नाही. जेमसन ही आयरिश व्हिस्की बऱ्यापैकी मोठ्या वाइन शॉपमध्ये मिळते. तांबडी गोड व्हर्मूथ, म्हणजे वनस्पती मुरवलेली वाइन, तीही दोन-चार दुकानं फिरलं की सापडते. अडतं ते तिसऱ्या बाटलीपाशी, हिरव्या शार्त्रूझपाशी, म्हणजे वनस्पतींच्या गोड, कडक लिकरपाशी.

आयरिश व्हिस्की, गोड व्हर्मूथ आणि हिरवी शार्त्रूझ, एवढीच ही कृती. १९१७ च्या सुमाराला न्यूयॉर्कमध्ये छापली गेली तेव्हा तिन्ही समसमान होत्या. तसं आज करून बघू नका, शार्त्रूझ बाकी दोघींना गिळते. हल्लीचं माप ५० मिली व्हिस्की, २५ मिली व्हर्मूथ, १५ मिली शार्त्रूझ आणि बिटर्सचे (कडू अर्काचे) दोन थेंब. बर्फावर ढवळायचं, शेक करायचं नाही.

शार्त्रूझ फ्रान्समधले कार्थुझियन या ख्रिस्ती पंथाचे साधू १३० वनस्पतींपासून करतात. कृतीचं मूळ हस्तलिखित त्यांच्या हाती १६०५ मध्ये आलं. कृती मोजक्याच साधूंना ठाऊक असते. मागणी वाढली तरी उत्पादन वाढवायचं नाही, आम्ही साधू आहोत, कारखानदार नाही, अशी त्यांची भूमिका २०२३ मध्ये जगजाहीर झाली. तेव्हापासून परदेशातही ती सहज मिळेनाशी झाली, मग आपल्याकडचं काय बोलायचं! कुणी येताना आणणार असेल तरच तिच्या भरवशावर राहा. चव सांगायची तर ओवा, पुदिना आणि तुळस एकत्र चुरगाळून त्यावर मध ओतावा, तशी. आणि ताकद ५५ टक्के.

ही ५५ टक्क्यांची गोष्ट पर्याय शोधताना बहुतेक जण विसरतात. वरच्या मापात व्हिस्की ४० टक्क्यांची आणि व्हर्मूथ १५ ची धरली तर ९० मिलीत ३२ मिली शुद्ध अल्कोहोल होतं, म्हणजे साधारण साडेपस्तीस टक्के. शार्त्रूझच्या जागी ३५ टक्क्यांची यॅगरमायस्टर ही जर्मन लिकर तेवढीच घातली तर ते ३२ टक्क्यांवर येतं. फरक किरकोळ वाटतो, पण ढवळताना बर्फाचं पाणी त्यात मिसळणारच असतं. मे महिन्यात, पंख्याखाली, फ्रीजच्या ट्रेमधल्या आधीच पाझरलेल्या बर्फावर ढवळलं, तर कॉकटेलऐवजी गोड पाणी हाती येतं.

यॅगर ही काळी बाटली, म्हणजे काच खरं तर हिरवी पण आतला द्रव काळपट. जर्मनीतल्या वुल्फनब्युटेलची, १९३५ पासूनची, ५६ वनस्पतींची. मुंबईत मिळायला सगळ्यात सोपी हीच. मी पहिल्यांदा मापात काही न बदलता ती घातली आणि पाहुण्यांना दिली. एकाने दोन घोट घेऊन विचारलं, ‘‘खोकला झालाय का कुणाला?’’ रास्त प्रश्न होता. ज्येष्ठमध आणि बडीशेपेचा दर्प, त्यात व्हर्मूथची गोडी, आणि जेमसन बिचारी कुठेच नाही. तीनदा फसल्यावर बसलेलं माप असं: व्हिस्की ६०, व्हर्मूथ २०, यॅगर १०. ताकद जवळपास ३४ टक्क्यांवर येते आणि व्हिस्की पुन्हा बोलू लागते. हिरवेपणा मात्र यात नाही, तो बाहेरून आणायचा. ढवळायच्या ग्लासात गवती चहाचं एक पातं गाठ मारून टाका, आणि वर पुदिन्याचं पान तळहातावर एकदा आपटून ठेवा. चहात टाकतो तेवढं पातं नको, बोटभर पुरे.

सोनेरी म्हणजे बेनेडिक्टिन ही फ्रेंच लिकर. १५१० मध्ये एका भिक्षूने ती बनवली अशी गोष्ट सांगतात, पण धंदा उभा केला तो १८६३ मध्ये फेकाँच्या अलेक्झांडर ल ग्राँ या वाइन व्यापाऱ्याने. २७ वनस्पती आणि मसाले, ४० टक्के. लवंग, जायफळ, केशर आणि मध, त्यामुळे आपल्या जिभेला ही पहिल्याच घोटात ओळखीची वाटते. माझ्या आईला नुसता वास दिला तर म्हणाली, ‘‘श्रीखंडात चालेल.’’ अडचण गोडीची. इथेही ६०, २०, १० धरा आणि बिटर्स तीन थेंब करा. पण तयार होतं ते टिपरेरी राहत नाही. स्कॉच, व्हर्मूथ आणि बेनेडिक्टिनच्या बॉबी बर्न्स या कॉकटेलचं ते आयरिश भावंड होतं. पेय म्हणून मला ते यॅगरच्यापेक्षा आवडतं, टिपरेरी म्हणून नाही.

तेव्हा एकच बाटली घ्यायची आणि ती इथेच घ्यायची तर यॅगर. ती उरली तरी घरात कुणीतरी संपवतं. बेनेडिक्टिन हाताशी आली तर हिवाळ्यासाठी ठेवा, कारण तेव्हा नागपुरी संत्री असतात आणि तिच्यावर संत्र्याची साल पिळली की लवंग खुलते. सालीचा पांढरा भाग मात्र येऊ देऊ नका. शार्त्रूझ मिळालीच तर तिच्यात काही सुधारणा करायच्या भानगडीत पडू नका, गवती चहा तर नकोच.

व्हिस्कीवर फार खर्च करू नका. तीनदा ऊर्ध्वपातन झालेली हलकी जेमसन शार्त्रूझसोबत छान चालते. यॅगरसोबत मात्र पॉट स्टिलची (तांब्याच्या हंड्यात गाळलेली), जरा अंगाची व्हिस्की मिळाली तर घ्या.

पिण्याचा परवाना आणि वयाची पंचविशी या दोन गोष्टी महाराष्ट्रात गृहीत धरल्या आहेत. ड्राय डे बघून खरेदी करा, नाहीतर बर्फ तयार आणि दुकानाचं शटर खाली. आणि व्हर्मूथ उघडली की फ्रीजमध्येच. मी एक बाटली कपाटात चार आठवडे ठेवली होती, पावसाळ्याच्या तोंडावर. शेवटी ती सिंकमध्ये ओतावी लागली.