ग्लिओब्लास्टोमा: निवोलुमॅब की कार-टी पेशी?

ग्लिओब्लास्टोमा म्हणजे मेंदूतली आक्रमक कर्करोगाची गाठ. निवोलुमॅब हे प्रतिकारशक्ती जागवणारं औषध शिरेतून, दर दोन आठवड्यांनी, किलोमागे ३ मिलिग्रॅम. देणं सोपं, पण गाठ परतलेल्या ३६९ रुग्णांच्या चाचणीत मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण याहून जास्त जगले) ९.८ महिने निघालं. तुलनेसाठी दिलेल्या बेव्हॅसिझुमॅब या औषधावर १०. म्हणजे फायदा नाहीच. एक कारण असं मानतात: निवोलुमॅब टी-पेशींचा (कर्करोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा) ब्रेक काढतं, पण या गाठीत मुळात टी-पेशीच तुरळक असतात.

कार-टीमध्ये रुग्णाच्याच टी-पेशी काढून, प्रयोगशाळेत त्यांत गाठीच्या पेशी ओळखणारा नवा ग्राही (रिसेप्टर) बसवून परत सोडतात. बॉस्टनमध्ये त्या डोक्याच्या कातडीखाली बसवलेल्या ओमाया रिझर्व्हॉयरमधून (नळी जोडलेल्या छोट्या कुपीतून) थेट मेंदूतल्या पोकळीत, एका मात्रेला १ कोटी पेशी, अशा सोडल्या. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीतल्या तिन्ही रुग्णांत गाठ काही दिवसांत आकसली. दोघांत मात्र लवकरच परतली. कार-टी ज्या खुणेवरून पेशी ओळखतात ती गाठीतल्या सगळ्याच पेशींवर नसते, उरलेल्या वाढतात. शिवाय ताप, गोंधळलेपण येतं, म्हणून भरती ठेवूनच देतात. तीन रुग्णांवरून उडी मारू नये, पण चाचणीत जागा मिळत असेल तर आमचा कल इकडे.

मेंदूची सूज उतरवायला देतात ते डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड प्रतिकारशक्ती दाबतं, म्हणून दोन्हींचा घात करतं. सूज सांभाळून डोस शक्य तितका खाली आणावा, अचानक बंद मात्र करू नये.