‘24 क्रेडिट, 3 एथिक्स’: क्लेमच्या कामातल्या माणसांना फसवणारा कोर्स

मोटर सर्व्हेअर (अपघातातल्या गाडीचं नुकसान ठरवणारे), टीपीएमधले (विमा कंपन्यांसाठी आरोग्य विम्याचे क्लेम हाताळणाऱ्या संस्थांमधले) डॉक्टर आणि विमा कंपन्यांच्या क्लेम खात्यातली तरुण मंडळी, या तिघांच्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाच धाटणीची जाहिरात फिरते. वर सरकारी वाटावं असं गोल चिन्ह. खाली ‘क्लेम्स प्रोफेशनल्ससाठी अनिवार्य निरंतर शिक्षण, 24 क्रेडिट, त्यातले 3 एथिक्स, इर्डा मान्यताप्राप्त’; इर्डा म्हणजे विमा क्षेत्राचा सरकारी नियामक. स्थळ पुण्यातलं बालेवाडी. फी 12,500 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 14,750 रुपये. आणि जाड अक्षरांत एक ओळ: लायसन्स रिन्यू करताना हे सर्टिफिकेट लागेल. पाठवणारा बहुधा ओळखीचाच असतो, रोज त्याच वर्कशॉपवर भेटणारा. त्यालाही ते कुणी ओळखीच्यानेच पाठवलेलं असतं, म्हणून कुणी खोदून विचारत नाही. मग फोन येतो: ‘सर, आज रात्री बारापर्यंतच ही फी आहे, उद्यापासून अठरा हजार. सीट ब्लॉक करू का?’ आणि पैसे जातात.

या जाहिरातीतला प्रत्येक शब्द कुठून उचललाय ते आधी समजून घ्या, कारण फसवणुकीचं सगळं बळ त्या शब्दांत आहे.

‘24 क्रेडिट, 3 एथिक्स’ हे अमेरिकेतलं. तिथे अनेक राज्यं क्लेम ॲडजस्टरला (नुकसानीची रक्कम ठरवणाऱ्याला) स्वतःचं लायसन्स देतात आणि ते टिकवायला दर 2 वर्षांनी साधारण 24 तासांचं शिक्षण घ्यायला लावतात, त्यात काही तास नीतिनियमांचे. आपल्याकडे विमा कंपनीत किंवा टीपीएत नोकरी करणाऱ्या क्लेम ऑफिसरला व्यक्तिगत लायसन्सच नसतं. जे लायसन्स नाही ते रिन्यू कसलं करायचं? तरी नोकरदार मंडळी फी भरतात, कारण ‘अनिवार्य’ वाचल्यावर अप्रेझल डोळ्यांसमोर येतं.

‘क्रेडिट’ हा शब्द आपल्याकडेही आहे, पण वेगळ्या अर्थाने. मुंबईची इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया, आपली ‘ट्रिपल आय’, 1955 पासून परीक्षा घेते. लायसन्शिएट या पहिल्या पायरीला 60 क्रेडिट पॉइंट, असोसिएटला 250, फेलोला 490. हे पॉइंट पेपर पास होऊन मिळतात. हॉटेलच्या हॉलमध्ये दोन दिवस बसून एकही मिळत नाही.

काही जाहिरातींत 24 ऐवजी 25 तास लिहिलेलं असतं. तो आकडा ब्रोकरच्या नियमांतला आहे. ब्रोकिंग कंपनीच्या नूतनीकरणाच्या वेळी 25 तासांच्या प्रशिक्षणाची अट असते. सर्व्हेअरचा तिच्याशी संबंध नाही. आणि बालेवाडी? तिथे 1980 मध्ये स्थापन झालेली नॅशनल इन्शुरन्स अकॅडमी आहे, विमा क्षेत्रात नावाजलेली. जाहिरातीत अकॅडमीचं नाव कुठेच नसतं, नुसतं ‘बालेवाडी, बाणेर रोड’ असतं. बाकीचं वाचणारा स्वतःच जोडून घेतो. प्रत्यक्षात जागा निघते जवळच्या एखाद्या हॉटेलातला हॉल. पत्ता नेमका हाच निवडण्यामागे डोकं आहे, हे लक्षात ठेवा.

आता पावती. हा कागद नीट पाहिला तर बहुतेक वेळा तिथेच सगळं उघडं पडतं. वर छापलेलं नाव भारदस्त: अमुक परिषद, तमुक कौन्सिल. खाली 15 अक्षरांचा जीएसटी क्रमांक. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचा 27. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे जीएसटी क्रमांकातलं सहावं, मालक कोण ते सांगतं: कंपनी असेल तर सी, भागीदारी फर्म असेल तर एफ, ट्रस्ट असेल तर टी, एकटा माणूस असेल तर पी. ‘परिषदे’च्या पावतीवर तिथे पी दिसला, तर ती परिषद म्हणजे एका माणसाचं दुकान. मग जीएसटीच्या पोर्टलवर ‘करदाता शोधा’मध्ये तोच क्रमांक टाका. लॉगिन लागत नाही. व्यवसायाचं नाव मोबाईल ॲक्सेसरीज किंवा केटरिंग निघतं, किंवा नोंदणी ‘रद्द’ दिसते. नोंदणी रद्द असताना घेतलेले 2,250 रुपये ‘जीएसटी’ नव्हेत, ते सरळ खिशात गेले. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, पण पावती पैसे गेल्यावर मिळते. म्हणून आधी प्रोफॉर्मा बिल मागा. ते द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याशी पुढे बोलायचं कारण नाही.

यूपीआयचा क्यूआर स्कॅन केला की पिन टाकण्याआधी स्क्रीनवर खातेदाराचं नाव येतं. तिथे संस्थेऐवजी कुणा व्यक्तीचं नाव दिसलं तर पिन टाकू नका. ‘आमच्या अकाउंटंटचं खातं आहे, सर’ हे उत्तर ठरलेलं असतं.

हॉलमधलं शिक्षण कसं असतं ते थोडं सविस्तर सांगायला हवं. पैसे बुडतात ते बुडतातच, पण खरं नुकसान इथे होतं. शनिवार-रविवार, दहा ते पाच, मध्ये जेवण. धरून चला रोज 6 तास, दोन दिवसांचे 12. सर्टिफिकेटवर मात्र 24, आणि हजेरीपत्रकावर तुमची सही. म्हणजे जे तास तुम्ही बसलाच नाहीत, त्यांची साक्ष तुम्हीच दिलेली असते. उद्या चौकशी झाली तर तो कागद आयोजकाइतकाच तुमच्याही विरुद्ध बोलतो.

स्लाइड जुन्या, कुठून कुठून जमवलेल्या. मोटरच्या स्लाइडवर घसाऱ्याचा (पार्ट जुना झाल्यामुळे भरपाईतून होणाऱ्या कपातीचा) एकच तक्ता: ‘3 ते 4 वर्षं, सर्व पार्ट 25 टक्के’. सपशेल चूक. 25 टक्के हा त्या वयाच्या गाडीच्या धातूच्या पार्टचा दर. बंपर, टायर, बॅटरी यांच्यावर गाडीचं वय काहीही असो, 50 टक्के. फायबरग्लासवर 30. काचेवर शून्य. झिरो डेप (घसारा न कापण्याचं जादा कव्हर) नसलेल्या पॉलिसीत 8,000 रुपयांच्या विंडस्क्रीनवर त्या तक्त्याने 2,000 कापले, तर ते गाडीमालकाच्या हक्काचे पैसे कापले. असेसमेंट शीटवर सही सर्व्हेअरची, त्यामुळे तक्रारही त्याच्याच नावावर येते.

आरोग्य विम्याच्या भागात मोराटोरियम (जो संपल्यावर माहिती लपवल्याच्या कारणाने क्लेम नाकारता येत नाही तो काळ) 8 वर्षं असं शिकवतात. एप्रिल 2024 पासून तो 60 महिन्यांवर आला आहे, आणि आधीपासूनच्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त 3 वर्षांचा. जुन्या स्लाइडवर भरवसा ठेवणारा टीपीएतला मुलगा सहा वर्षं चालू असलेल्या पॉलिसीतला क्लेम ‘माहिती लपवली’ म्हणून नाकारायला निघेल. फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय त्याला तसं करताच येत नाही.

आगीच्या भागात घरालाही सरसकट सरासरीचं कलम (विमा किमतीपेक्षा कमी असेल तर भरपाई त्याच प्रमाणात कापणारं) लावून दाखवतात: घराची किंमत 30 लाख, विमा 20 लाखांचा, नुकसान 3 लाख, म्हणून द्यायचे 2 लाख. हे गणित जुन्या पॉलिसीचं. 1 एप्रिल 2021 पासून आलेल्या भारत गृह रक्षा या घराच्या पॉलिसीमध्ये कमी विम्याची अशी कपात नाही. तिथे 3 लाखच द्यायचे. छोट्या उद्योगांच्या भारत सूक्ष्म उद्यमसारख्या पॉलिसीत कमी विमा 15 टक्क्यांपर्यंत असेल तर तो माफ. वर्ग खरा की खोटा हे ओळखायला हे तीन प्रश्न पुरतात. फी भरण्याआधी फोनवर विचारा: काचेवर घसारा किती, मोराटोरियम किती महिन्यांचा, भारत गृह रक्षात सरासरी लागते का. शिकवणारा खरा असेल तर फोनवरच सांगेल. ‘ते सेशनमध्ये कव्हर होईल, सर’ असं ऐकू आलं की फोन ठेवा.

मग खरं काय लागतं? सर्व्हेअरसाठी पाया 2015 च्या नियमांचा: लायसन्स 3 वर्षांचं, आणि आयआयआयएसएलए या सर्व्हेअरांच्या हैदराबादच्या संस्थेचं सभासदत्व आवश्यक. तुमच्या रिन्युअलला नेमकं कोणतं प्रशिक्षण धरलं जाईल, हे आयआयआयएसएलएला ईमेलवर विचारा आणि लेखी उत्तर जपून ठेवा. फॉर्ममध्ये हे सर्टिफिकेट कोणत्या रकान्यात जाणार, हा प्रश्न विकणाऱ्याला विचारून उपयोग नाही, तो ते स्वीकारणाऱ्याला विचारायचा. नोकरीत असाल तर एचआर किंवा लर्निंग विभागाला विचारा: हे तुम्ही नोंदीत धराल का, फी परत द्याल का. शिकायचंच असेल तर ट्रिपल आयचे पेपर आहेत, नॅशनल इन्शुरन्स अकॅडमीचे कार्यक्रम आहेत. नोंदणी त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून करा, कुणी पाठवलेल्या लिंकवरून नको. आणि इर्डाच्या नावाने फोन करून कुणी पैसे मागत असेल, तर तो इर्डाचा माणूस नव्हे. नियामक कोर्सच्या सीट विकत नाही.

सर्टिफिकेटवरच्या क्यूआरला भुलू नका. स्कॅन केल्यावर तेच सर्टिफिकेट कुणाच्या तरी ड्राइव्हवर फोटो म्हणून उघडत असेल, तर ती पडताळणी नाही. खऱ्या पडताळणीत क्रमांक टाकला की संस्थेच्या स्वतःच्या डोमेनवरच्या नोंदीत तुमचं नाव आणि तारीख दिसते.

पैसे गेले असतील तर त्याच तासात 1930 ला फोन करा. यूपीआयचा 12 अंकी यूटीआर (व्यवहार क्रमांक), रक्कम, वेळ आणि समोरचा आयडी हाताशी ठेवा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी बँकेने ती होल्ड केली तरच परत मिळण्याची आशा, म्हणून ‘उद्या सकाळी बघू’ म्हणू नका. त्यानंतर सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा आणि पोचपावती क्रमांकासह बँकेला लेखी द्या. एक गैरसमज मात्र काढून टाका. तीन दिवसांत कळवलं की बँक पैसे देते, असं सगळे सांगतात. रिझर्व्ह बँकेचं जुलै 2017 चं ते परिपत्रक तुमच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. इथे पिन तुम्ही स्वतः टाकलेला असतो, त्यामुळे त्या आधारावर बँक हात वर करते. भांडायचं ते फसवणुकीच्या मुद्द्यावर: भारतीय न्याय संहितेचं कलम 318, आणि ऑनलाइन तोतयेगिरी असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66 डी. पुण्याचं सायबर पोलीस ठाणं शिवाजीनगरला आहे. हिंजवडी, वाकड, चिंचवडकडे राहणाऱ्यांसाठी पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय वेगळं. हद्दीवरून परत पाठवू लागले तर शून्य क्रमांकाने (झिरो एफआयआर, हद्द न बघता) गुन्हा नोंदवायला सांगा.

वर्ग झाला पण सांगितलेली मान्यता नव्हती, अशा प्रकरणात ग्राहक हेल्पलाइन 1915 आणि जिल्हा ग्राहक आयोग हा मार्ग आहे. तुम्ही भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, मुदत 2 वर्षांची. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, त्यातली ‘मान्यताप्राप्त’ ही ओळ आणि पावती एवढ्यावर केस उभी राहते. म्हणून ग्रुपमधून बाहेर पडण्याआधी चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. चिडून आधी ग्रुप सोडणारे पुरावाच सोडून जातात.

तक्रारीनंतर काही दिवसांनी ‘रिफंड विभागा’तून फोन येऊ शकतो: क्यूआर पाठवतो, पिन टाका, पैसे जमा होतील. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

आणि ते सर्टिफिकेट कुठे जोडलं असेल, विमा कंपनीच्या पॅनलच्या अर्जात, रिन्युअलच्या कागदांत किंवा बायोडेटात, तर तिथे आजच कळवा. दोन ओळींचं पत्र पुरे: अमुक तारखेला जोडलेलं अमुक क्रमांकाचं प्रमाणपत्र मान्यताप्राप्त नसल्याचं कळलं, ते मागे घेत आहे, तक्रार क्रमांक असा. पोच घ्या, आणि ती पोच तुमच्या लायसन्सच्या फाइलमध्ये लावून ठेवा.